चाल, शब्द आणि अंगण : 'झिंगाट'च्या पाठांतरांविषयी

१

एखादे गाजलेले नृत्यगीत दुसऱ्या गायकाने, दुसऱ्या भाषेत किंवा दुसऱ्या वाद्यमेळात पुन्हा सादर केले की त्यास 'कव्हर व्हर्शन' म्हटले जाते. ही संज्ञा मराठीने जशीच्या तशी उचलली. तिच्यासाठी निराळा शब्द घडविण्याची निकड कुणास भासली नाही. वस्तुतः ज्या व्यवहाराचे हे नाव आहे तो व्यवहार मराठीला परका नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून संगीत नाटकाच्या छापील संहितेत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गीताचा निर्देश करण्याची रीत पडली. हे पद कोणत्या गीताच्या वळणाने म्हणावयाचे, हे वाचकास त्या एका ओळीत कळे. कीर्तनकार, शाहीर, सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे, गावोगावची भजनी मंडळे या सर्वांनी परिचित चालीवर नवे शब्द बसविले. तसे करताना आपण कुणाचे काही घेत आहोत असे त्यांना वाटले नाही. चाल ही गावच्या विहिरीसारखी गृहीत होती. (त्या विहिरीवर कुणाला पाणी भरू दिले जात होते, हा प्रश्न या उपमेने आपोआपच उपस्थित होतो, त्याकडे पुढे यावयाचे आहे.)

'चालीवर लिहिणे' आणि 'कव्हर करणे' या दोन क्रियापदांत मात्र एक मूलगामी अंतर आहे. पहिल्यात चाल सामाईक आणि शब्द नवा, अशी वाटणी असते. दुसऱ्यात चाल आणि शब्द दोन्ही आधीच्या कुणाच्या तरी मालकीचे असतात आणि नव्याने येतो तो केवळ आवाज. मराठीत 'पाठांतर' हा शब्द मुखोद्गत करणे या अर्थाने रूढ आहे. परंतु संहिताचिकित्सेच्या अंगाने पाहिल्यास तोच शब्द 'दुसरा पाठ' या अर्थानेही वापरता येतो. ध्वनिमुद्रित गीताच्या पुनःसादरीकरणास प्रस्तुत लेखात 'पाठांतर' म्हटले आहे ते या दोन्ही छटा ध्यानी घेऊन. शब्द बदलतात तेथे 'भाषांतर' आणि चाल उरून शब्दच गळतात तेथे 'निःशब्द पाठ', अशी आणखी दोन नावे सोयीसाठी वापरावी लागतील. ही वर्गवारी काटेकोर नाही आणि तशी ती असण्याचे कारणही नाही, कारण ज्या गीताच्या निमित्ताने हे विवेचन करावयाचे आहे ते या तिन्ही कप्प्यांतून सारखे ये-जा करीत असते.

पाठांविषयीच्या दोन परस्परविरोधी वृत्ती आपल्या वाङ्मयपरंपरेत प्रारंभापासून दिसतात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कुणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. अभंगांच्या बाबतीत मात्र गाणारा बदलला की शब्द बदलला आणि त्याची फारशी खंत कुणी केली नाही. वर्धा येथे या पहिल्या वृत्तीचे एक शिल्पित रूप पाहावयास मिळते. विनोबांची 'गीताई' १९३०-३१ या काळात रचली गेली आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. गोपुरी येथील गीताई मंदिरात (१९८०) तिचे श्लोक उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. मंदिरास ना छप्पर, ना मूर्ती. 'गीताई' हे समश्लोकी रूपांतर होय. एका भाषेतील श्लोकाच्या साच्यात दुसऱ्या भाषेचे शब्द बसविताना विनोबांनी छंदाची आणि आशयाची अशी दुहेरी निष्ठा पाळली. नृत्यगीताच्या चर्चेत गीतेचे नाव काढणे कुणास औचित्यभंग वाटेल. परंतु चाल (म्हणजे छंद) तीच ठेवून भाषा बदलणे ही तांत्रिक क्रिया दोन्हीकडे एकच आहे, आणि तांत्रिक निष्ठा पूर्ण पाळूनही अर्थ कोठे निसटू शकतो हे पाहण्यासाठी ही जवळीक उपयोगी पडते.

२

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या चारच गीतांपैकी 'झिंगाट' हे नृत्यगीत अजय-अतुल यांनी स्वरबद्ध केले आणि स्वतःच गायले. चित्रपटगृहात प्रेक्षक पडद्यापुढे येऊन नाचले, चित्रपटाचे उत्पन्न शंभर कोटींच्या पुढे गेले, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. त्यानंतर कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' (२०१७) आणि हिंदीत 'धडक' (२०१८) या पुनर्निर्मितींत तीच चाल नव्या शब्दांसह अवतरली. पंजाबी, ओडिया आणि बंगाली पुनर्निर्मितीही झाल्या. येथे त्यांचा विचार केलेला नाही.

मूळ गीताच्या शब्दकळेकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. 'ठेका धरायला लावणारे' एवढे म्हणून त्याची बोळवण झाली. परंतु या गीताची सगळी भिस्त एका प्रत्ययावर आहे. अनुकरणवाचक धातूला 'आट' लावून मराठी लखलखाट, कडकडाट, किलबिलाट, घमघमाट अशी नामे करते, आणि सुसाट, भन्नाट यांसारख्या शब्दांत तेच वळण क्रियेचा वेग दाखवू लागते. 'झिंगाट' आणि गीतातील त्याचे सोबती शब्द या दुसऱ्या वर्गात मोडतात. कोशात त्यांतील काही सापडतील, काही सापडणार नाहीत. कानाला मात्र सारेच ओळखीचे वाटतात, कारण ते ज्या साच्यातून निघाले तो साचा बोलणाऱ्याच्या जिभेवर तयार आहे. चित्रपटाचे शीर्षकही त्याच नादावर संपते, हा योगायोग नसावा. चित्रपटाच्या नावातला मोकाट वेग गीताच्या ध्रुवपदात नादरूपाने पुन्हा भेटतो.

दुसरी गोष्ट निवेदकाच्या अवस्थेची. गीतातील तरुण आपल्या प्रेमाचे वर्णन बाधा झाल्याच्या, अंगात वारे शिरल्याच्या परिभाषेत करतो. ही परिभाषा देवऋषी आणि अंगात येणे यांच्या लोकव्यवहारातून आलेली आहे. शहरी प्रेमगीताच्या परंपरेत प्रियकर बहुधा घायाळ होतो, झुरतो. येथे तो झपाटला जातो. त्याच वेळी तो स्वतःच्या उतावळेपणाची थट्टाही करतो, गुडघ्याला बाशिंग बांधल्याच्या वाक्प्रचाराचा आधार घेतो, आणि मजनूचे नावही घेतो. अर्थात मूळ पाठ निखळ 'देशी' आहे असा दावा करता येणार नाही. मजनू अरबस्तानातून फारसी, उर्दू आणि हिंदी चित्रपट असा प्रवास करून करमाळ्याच्या तरुणाच्या तोंडी आला आहे, आणि ते त्या तरुणाच्या वास्तवाशी सुसंगतच आहे.

तिसरी गोष्ट स्थळाची, आणि तीच निर्णायक. चित्रपटात हे गीत आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या, वाढदिवसाच्या समारंभात येते. म्हणजे नाच चालतो तो पाटलाच्या अंगणात. परशा पारधी समाजातील आहे. एरवी ज्या अंगणात त्याला व त्याच्या मित्रांना सहजासहजी प्रवेश नाही, तेथे समारंभाच्या गर्दीत ते मिसळून जातात. गर्दी आणि ताल यांच्या आडोशाने तेवढ्या वेळापुरती अंगणाची सीमा पुसट होते. गाणे संपते आणि त्याच बंगल्याच्या मागील बाजूस दोघे पकडले जातात. तेथून चित्रपटाचे वळण बदलते. नृत्यगीत हे कथेतील विश्रांतिस्थान असते, असा आपल्याकडील व्यावसायिक चित्रपटाचा संकेत आहे. मंजुळे यांनी त्या संकेताचा उपयोग उंबरठ्यासारखा केला. ज्या तालावर प्रेक्षक नाचले त्या तालाने परशाला जिथे आणून सोडले तिथून परतीची वाट नव्हती. नाचणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी हे पाहिले, हा वेगळा प्रश्न आहे.

३

'धडक'साठी अमिताभ भट्टाचार्य यांनी या चालीच्या साच्यात हिंदी शब्द बसविले. संगीतकार तेच, गायकही तेच. रोलाँ बार्थ यांनी १९७२ च्या एका निबंधात गाण्यातील 'आवाजाचा पोत' ही कल्पना मांडली आहे. भाषा आणि कंठ यांच्या घर्षणातून जे शारीर असे काही ऐकू येते, ते अर्थाच्या पलीकडचे असते, असा त्यांचा आशय. या कल्पनेच्या प्रकाशात हिंदी 'झिंगाट' मोठे चमत्कारिक उदाहरण ठरते. कंठ बदललेला नाही. भाषा बदलली आहे. गोंधळ-भारुडाच्या मोकळ्या, चढ्या फेकीत मुरलेला तोच घसा हिंदी शब्द उच्चारतो. रूपांतराच्या नेहमीच्या प्रकारात नवा गायक जुने शब्द घेऊन येतो. येथे जुना गायक नवे शब्द घेऊन आला. हा स्वतःच स्वतःचा केलेला अनुवाद होय. अरुण कोलटकरांसारख्या द्विभाषिक कवीच्या बाबतीत 'मूळ कोणते' हा प्रश्न निरर्थक ठरतो, कारण दोन्ही भाषांतील कविता आपापल्या परीने मूळ असतात. तसे येथे घडले का?

घडले नाही, असे म्हणावे लागते. 'झिंगाट' हा शब्द हिंदी पाठात ठेवला आहे. पण हिंदीत 'आट'चा तो साचा चालत नाही. त्याचे हिंदी भावंड 'आहट' हे होय. जगमगाहट, सरसराहट, घबराहट अशी नामे त्याने होतात, वेगदर्शक क्रियाविशेषणे होत नाहीत. परिणामी मराठीत जो शब्द एका मोठ्या कुटुंबातला एक होता, तो हिंदीत एकाकी पडला. त्याचे विशेषनाम झाले, जवळजवळ व्यापारी चिन्ह झाले. ऐकणाऱ्याला तो नाचण्याची आज्ञा देतो, परंतु त्याच्या तोंडून तसा दुसरा शब्द निर्माण करवीत नाही. भाषांतरात शब्द जपला गेला आणि त्याची प्रसवक्षमता गमावली गेली. शब्द बदलून क्षमता जपणे हा मार्ग शक्य होता; तो घेतला असता तर गीताचे व्यापारी ओळखपत्र हरवले असते.

स्थळाच्या बाबतीत झालेली हानी याहून मोठी आहे. 'धडक'ची कथा उदयपुरात घडते. नायक-नायिकांमधील अंतर तेथे प्राधान्याने घराण्याच्या प्रतिष्ठेचे आणि संपत्तीचे झाले आहे. जातीचा उल्लेख पुसट आहे. त्यामुळे नाचाचे अंगण हे कुणाला वर्ज्य असलेले अंगण उरत नाही. ते सजविलेले दृश्यस्थळ होते. ए. के. रामानुजन यांनी रामकथांविषयीच्या प्रसिद्ध निबंधात (१९९१) पर्स यांच्या चिन्हमीमांसेच्या आधारे अनुवादाचे तीन प्रकार कल्पिले आहेत. पहिला रूपसादृश्य जपणारा. दुसरा स्थानिक भूमीत रुजून तेथल्या संदर्भांनी भरलेला. आणि तिसरा, जुन्या कथेचा केवळ संकेतासारखा वापर करून नवे, कधी उलटेही, विधान करणारा. 'गीताई' पहिल्या प्रकारातली. हिंदी 'झिंगाट' चालीच्या पातळीवर त्याच प्रकारातले आहे, मात्रेलाही धक्का न लावणारे. दुसऱ्या प्रकारचा दावा 'धडक'च्या बाजूने करता येईल: कथा राजस्थानात नेली, तेथील घराण्याचा अभिमान आणला, तर ते स्थानिकीकरणच नव्हे काय? हा युक्तिवाद वरकरणी सबळ आहे. परंतु स्थानिकीकरण म्हणजे नव्या भूमीतील ताणांना वाट देणे. राजस्थानात जातीचा ताण नाही असे कुणी म्हणणार नाही. भूमी बदलली आणि त्या भूमीचा ताणही बाहेर ठेवला, तर उरते ते रंगीत पार्श्वभूमीचे स्थानिकत्व. 'सैराट'च्या शेवटी दोघांचीही हत्या होते आणि रक्तात भिजलेली बाळपावले उरतात; 'धडक'मध्ये नायिका जिवंत राहते. शेवटातील हा बदल आणि अंगणातील बदल एकाच वृत्तीतून आलेले आहेत.

'मनसु मल्लिगे'बाबत एवढेच नोंदवावे की तेथे रिंकू राजगुरू हीच नायिका होती आणि चालीही त्याच होत्या. मात्र सोलापूर हा कन्नडशी शेकडो वर्षांचा शेजार असलेला जिल्हा आहे. भाषांतराला तेथे फार दूरचा प्रवास करावा लागत नाही.

४

अजय-अतुल यांच्याच आणखी एका गीताची गोष्ट येथे विचारात घेतली पाहिजे, कारण तिने प्रश्नाची दुसरी बाजू उघड होते. केदार शिंदे यांच्या 'जत्रा' या चित्रपटातील 'कोंबडी पळाली' हे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेले द्वंद्वगीत. जितेंद्र जोशी यांच्या शब्दांत तमाशातील सवाल-जवाबाचा बाज आहे. एक खोडी काढतो, दुसरी परतवते. द्व्यर्थ उघड आहे, पण तो दोघांच्या मध्ये खेळला जातो आणि हसणे हा त्याचा निष्कर्ष आहे. हीच चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झाली. तो चित्रपट स्वतः १९९० च्या 'अग्निपथ'ची पुनर्निर्मिती; म्हणजे एका पाठांतराच्या पोटात दुसरे भाषांतर. हिंदीत गीत श्रेया घोषाल यांच्या एकल आवाजात आले, आणि चित्रपटात पाहुणी म्हणून आलेल्या कतरिना कैफ यांच्यावर ते चित्रित झाले. द्वंद्वाचे एकल झाल्याबरोबर व्याकरणच बदलले. प्रतिपक्ष नाहीसा झाला. त्याच्या जागी पाहणाऱ्यांचा जमाव आला. थट्टेचे प्रदर्शन झाले. कारागिरी म्हणून हिंदी पाठ अधिक घोटीव आहे, यात शंका नाही. श्रेया घोषाल यांच्या गळ्याची तयारी अशी की बोल कितीही रांगडा असो, सूर जागचा हलत नाही. परंतु वैशाली सामंत यांच्या आवाजात समोरच्याला गप्प करण्याची जी मिजास होती, तिला त्या घोटीवपणात जागा उरली नाही.

येथे एका आक्षेपाची दखल घ्यावयास हवी. मूळ मराठी पाठ श्रेष्ठ आणि हिंदी पाठ उणा, असा कल या विवेचनात दिसेल, आणि तो भाषिक अभिमानातून आला आहे असे कुणी म्हणेल. परंतु मूळ पाठांचे 'मूळपण' तरी कितपत टिकते? आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचे पुत्र. भक्तिगीत, भीमगीत आणि लोकगीत यांत मुरलेल्या घराण्याचा तो आवाज. हलगी आणि ढोलकीचे जे बोल या दोन्ही गीतांचा कणा आहेत, ते शतकानुशतके जातीने नेमून दिलेल्या वाजविण्याच्या कामातून घडले. इतरांच्या लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत वाजविणे हे गावगाड्यात ठरावीक जातींच्या वाट्याला आलेले काम होते. आंबेडकरी चळवळीने अशी जातिनिविष्ट कामे सोडण्याचा आग्रह धरला त्यामागे हा इतिहास आहे. म्हणजे ज्यांनी वाजवायचे त्यांनी नाचायचे नाही, आणि जे नाचतील त्यांनी वाजवायचे नाही, अशी वाटणी तालाच्या पोटातच होती. चित्रपटसंगीताने तो ताल उचलला तेव्हा तेही एक कव्हरच होते. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत आणि जनसंगीत या कोटी वेगळ्या मानल्या, त्यांच्या सीमेवर नेमके हेच घडते: वाजविणाऱ्या समूहाचे नाव गळते आणि संगीतकाराचे नाव लागते.

अमेरिकेतील इतिहास या बाबतीत बोलका आहे. लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाने १९५५ साली 'टूटी फ्रूटी' गायले आणि पुढच्याच वर्षी पॅट बून या गोऱ्या गायकाचा सौम्य केलेला पाठ सर्वसाधारण विक्रीच्या यादीत त्याच्याही वर गेला. त्या काळी 'कव्हर' या शब्दाला ही एक विशिष्ट छटा होती: एका समूहाचे गीत दुसऱ्या समूहाच्या दिवाणखान्यात नेता यावे म्हणून केलेले झाकण. नृत्यगीतांपुरते बोलावयाचे तर 'द ट्विस्ट' हे हँक बॅलर्ड यांचे १९५९ चे गीत; जगभर नाचले गेले ते चबी चेकर यांचा १९६० चा पाठ. येथे मात्र दोन्ही गायक कृष्णवर्णीय होते, त्यामुळे वर्णाचे सूत्र सरळ लागू पडत नाही. फरक पडला तो दूरचित्रवाणीने कुणाला दारात घेतले यामुळे. ती लाट आपल्याकडे 'भूत बंगला' (१९६५) या चित्रपटातील ट्विस्टच्या गाण्यापर्यंत पोहोचली. झाकण घातलेला पाठ अधिक दूर जातो, हे त्याचे यश. झाकण कशावर घातले हे विसरले जाते, ही त्याची किंमत.

भारतीय कायद्याने या व्यवहाराचे केलेले वर्णनही पाहण्याजोगे आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ३१-सी आले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्यावर, आगाऊ मानधन भरून, कुणालाही पाठांतर काढता येते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. आवरणावर ते कव्हर व्हर्शन असल्याचे नमूद करावे लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत वा स्वरांत संमतीवाचून बदल करता येत नाही. एकनाथांचा दंडक जणू विधिमंडळाने उचलला. कॅसेटच्या काळात स्वस्त पाठांतरांचा जो सुळसुळाट झाला त्याला आवर घालण्यास हे योग्यच होते. तथापि कायद्याच्या दृष्टीने गीत म्हणजे शब्द आणि स्वर. कुणाच्या अंगणात कोण नाचत आहे, हा गीताचा घटक कायद्याला दिसू शकत नाही. 'धडक'मधील 'झिंगाट' कायद्याने आणि संगीताने संपूर्ण प्रामाणिक आहे. ज्या एका बाबतीत ते अप्रामाणिक आहे तिच्यासाठी कोणतेही कलम नाही. ती बाब समीक्षेच्या वाट्याची आहे.

५

निःशब्द पाठाचा विचार अद्याप व्हावयाचा आहे, आणि तो करण्यास वर्धा जिल्ह्यासारखा प्रदेश विशेष अनुकूल आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हिंदी-मराठी अशा द्विभाषिक राज्याचा भाग होता. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून येथे आहे. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ मध्ये स्थापन झाले आणि तेथे अनुवाद हा स्वतंत्र अध्ययनविषय आहे. संस्थांच्या पातळीवरची ही हिंदी आणि बाजारात, बसस्थानकावर बोलली जाणारी हिंदी यांची भेट क्वचितच होते. दुसरी हिंदी चित्रपटगीतांनी पोसलेली आहे. या प्रदेशातल्या श्रोत्याच्या कानात 'कोंबडी पळाली' आणि 'चिकनी चमेली' शेजारी शेजारी नांदतात, आणि 'झिंगाट'चे दोन्ही पाठही.

शिवाय मराठी 'झिंगाट'ही येथे पूर्णांशाने 'आपल्या' बोलीतले नाही. 'झालोया', 'आलोया' ही रूपे सोलापूर-सातारा पट्ट्यातली. हिंगणघाटचा किंवा आर्वीचा तरुण 'नाचून राहिलो' म्हणेल; 'नाचतोया' त्याच्या तोंडी येणार नाही. तेव्हा मराठी पाठ ऐकतानाही तो एका परीने भाषांतरच ऐकत असतो, मराठीतून मराठीत झालेले. मूळ पाठ आणि मातृभाषा यांचे जे समीकरण आपण गृहीत धरतो ते वर्ध्यात पोहोचेपर्यंत सैल झालेले असते.

नागपूर-वर्धा पट्ट्यात लग्नाच्या वरातीला, गणपतीच्या आणि इतर मिरवणुकांना बँडच्या बरोबरीने 'धुमाल' आणि 'संदल' यांचा प्रघात आहे. ढोल-ताशांच्या प्रचंड ठोक्यावर बेंजो किंवा की-बोर्ड चाल वाजवितो, गायक नसतो. शब्द नसल्यामुळे वाजत असलेली चाल 'कोंबडी'ची की 'चमेली'ची, 'सैराट'ची की 'धडक'ची, हे ठरविण्याचे कोणतेही साधन उरत नाही. वॉल्टर बेन्यामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे वलय ओसरते असे म्हटले (१९३६). येथे यांत्रिक पुनरुत्पादनानेच जन्माला आलेले गीत यंत्राबाहेर काढून हाताने वाजविले जाते, आणि वाजविताना लय वाढते, मधला एखादा तुकडा नाचणाऱ्यांच्या आग्रहाखातर दहा वेळा फिरतो, एका गीतातून दुसऱ्यात कधी शिरले ते कळत नाही. शब्द नाचणारा पुरवितो. कुणी मराठी पुरवितो, कुणी हिंदी, कुणी दोन्हींची सरमिसळ करतो, बरेच जण नुसते ध्रुवपद ओरडतात. हा पाठ कायद्याच्या परिभाषेत बसत नाही, शुद्धीकरणाच्याही नाही. एका अर्थाने चाल पुन्हा तिच्या जुन्या, सामाईक अवस्थेला आली आहे.

या अवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. लोकांनी गीत 'परत घेतले' असे म्हणणे सोपे आणि रुचकर असते, सांस्कृतिक अभ्यासाच्या अलीकडील लेखनात तसे पुष्कळदा म्हटलेही जाते. धुमालात वाजविणारे आणि नाचणारे आजही बहुधा वेगवेगळेच असतात. सुपारी देणारा आणि सुपारी घेणारा हे नाते जुन्या वाटणीवर चढलेले रोख पैशाचे आवरण असू शकते. वरात कोणत्या रस्त्याने जाते, कोणत्या देवळासमोर वाद्ये थांबतात, कोणत्या आळीत ती शिरतच नाही, हे ठोक्यावरून कळत नाही. परंतु 'झिंगाट'च्या ध्वनिमुद्रित पाठांमध्ये जो प्रश्न एका ठिकाणी दाखविला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी गाळला गेला, तो या निःशब्द पाठात प्रत्येक वरातीगणिक प्रत्यक्ष उपस्थित असतो. अंगण खरे असते. त्यात शिरणारी माणसेही खरी असतात, आणि त्यांना तेथे किती वेळ नाचू दिले जाईल हे चालीने ठरत नाही.

अलीकडे डीजेच्या भिंतींनी धुमालाला आव्हान दिले आहे. ध्वनिक्षेपकातून पुन्हा ध्वनिमुद्रित पाठ येतो, त्याबरोबर गायकाचा कंठ येतो आणि शब्दही येतात. मग मराठी लावायचे की हिंदी, यावर वऱ्हाडी मंडळींत वाद होतो. धुमालात हा वाद उद्भवतच नव्हता. 'झिंगाट'च्या पाठांची सूची करू पाहणाऱ्या अभ्यासकाला मराठी, कन्नड आणि हिंदी अशा नोंदी सहज करता येतील. बेंजोवर वाजलेल्या पाठाची नोंद करावयाची तर त्याला वरातीसोबत चालावे लागेल, आणि वाद्ये कोठे थांबली तेही लिहून घ्यावे लागेल.